खात्रीच्या तीन ओळी

ज्या सरांनी अमेरिकेतल्या त्या गुलाम कवयित्रीच्या अपमानावर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसले, त्याच सरांनी महिन्याभराने मला विचारलं, "मावशी, खरं सांगा. हे तुम्ही लिहिलंय की लेकीने?"

एक महिना. आमचा बोंबील कडक उन्हात तीन-चार दिवसांत सुकतो. सरांचे डोळे त्याच्याही आधी सुकले असणार.

मी सुकी मासळी विकते. डहाणूच्या बाजारात माझी बसायची जागा आहे, किनाऱ्यावर बोंबील टांगायला स्वतःचे बांबू आहेत, माल न्यायला टेम्पो आहे. यातलं काहीही माहेरहून किंवा सासरहून आलेलं नाही. नवरा होता तोवर तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता आणि मी डोक्यावर टोपली घेऊन तलासरीकडच्या पाड्यांवर फिरत होते. उधवा, वेवजी, त्यापलीकडे गुजरातची हद्द. पाड्यावरच्या बायका भात द्यायच्या, वाल द्यायच्या, मी बोंबील आणि जवळा द्यायचे. हाताने माप आणि तोंडाने भांडण, दोन्ही एकाच वेळी. घरी आमची बोली, पाड्यावर त्यांची, हद्दीवर गुजराती. मराठी शाळेतली, सातवीपर्यंतची.

वाचनाची सवय मला रद्दीने लावली. माल बांधायला जुने पेपर घ्यायचे, त्यात रविवारच्या पुरवण्या असायच्या. पण पानं चौकोनी कापलेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला शेवट नसायचा. अर्धवट गोष्टींना कंटाळून मी एक दिवस वाचनालयात नाव घातलं. पहिलं पुस्तक परत केलं तेव्हा तिथल्या बाईंनी टेबलावर आधी पेपर पसरला आणि मग त्यावर पुस्तक ठेवायला सांगितलं.

"पुस्तकाला वास येतो, मावशी."

"वाचायला डोळे लागतात, बाई. नाक कशाला मध्ये घालता?"

तेव्हापासून आमचं बरं जमलं. म्हणजे त्या मला घाबरतात.

या वाचनालयाच्या मंडळाचे प्रमुख म्हणजे हे सर. शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. दर दोन महिन्यांनी ते कुठल्यातरी मोठ्या माणसावर व्याख्यान देतात. त्या दिवशीचं व्याख्यान होतं अमेरिकेतल्या, पुस्तक छापून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कवयित्रीवर. रविवार, दुपारचे चार. मी मागच्या खुर्चीत बसले. शेजारची खुर्ची रिकामीच राहते, ते मला चालतं, पिशवी ठेवता येते.

सर सांगत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एका लहान मुलीला जहाजात कोंबून आणलं. बंदरावर विकायला उभी केली. पुढचे दात पडलेले होते, त्यावरून वय सात धरलं. एका सुखवस्तू घराने तिला विकत घेतलं आणि ज्या जहाजातून ती आली त्या जहाजाचंच नाव तिला दिलं. हे ऐकून मी सावरून बसले. आमच्याकडे बोटीला बायकोचं नाव देतात, लेकीचं देतात. बोटीचं नाव माणसाला दिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते दातांचं. आम्ही कल्ला उचलून मासा ताजा आहे का बघतो. तसं पोरीचं तोंड उघडून बघणारी माणसं होती तर.

त्या घरात ती वाचायला शिकली, परकी भाषा शिकली, कविता करायला लागली. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा कोणी विश्वास ठेवेना. गुलाम पोरगी, ती काय कविता लिहिणार? मग गावातल्या बड्या बड्या पुरुषांनी, अधिकाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी सह्या करून दिलं की होय, आम्ही खात्री करून घेतली आहे, हिनेच लिहिलंय. ते पत्र पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं. तरीही तिच्या गावातल्या छापखान्यांनी पुस्तक घेतलं नाही, ते समुद्रापलीकडे छापावं लागलं.

"विचार करा," सर म्हणाले, आवाज कापत होता, "कवीला आपली कविता आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं! याहून मोठा अपमान कोणता?" आणि चष्मा काढला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कोणी काही विचारेना. मी हात वर केला. "सर, त्या सह्या करणाऱ्यांपैकी कुणाचं काही लिहिलेलं आज कोणी वाचतं का?"

लोक हसले. सर खूश झाले. "वा! मावशी, तुम्ही लिहायला हवं. आपल्या स्मरणिकेसाठी द्या काहीतरी. तुमचे अनुभव."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मी कोणाच्या दारात लेख घेऊन गेले नव्हते.

बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात. टांगून झाले की दुपारभर काम एकच, कावळे आणि कुत्री हाकलायची. त्या दुपारी मी लिहायला बसले. एका हातात काठी, मांडीवर वही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्या दिवसांत कावळ्यांनी बराच माल नेला, तो मी मंडळाच्या नावावर सोडून दिला. विषय होता टोपलीचा रस्ता. डहाणूहून निघून उधव्यापर्यंत आम्ही बायका कशा जायचो, कुठे पाणी प्यायचो, कोणत्या पाड्यावर कोण कशी घासाघीस करायची. मनात होतं ते उतरलं. छान उतरलं, हे मलाही कळत होतं. माल चांगला असला की विकणाऱ्याला आधी कळतं.

वही दिली आणि आठ-दहा दिवसांनी सरांनी मला बोलावलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये ते आणि वाचनालयाच्या बाई, दोघंच. तिथे तो प्रश्न आला. लेकीने लिहिलंय का?

"का हो, सर?"

"हे वाक्य बघा." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'चढणीवर टोपली डोक्यावर असली की आभाळ दिसत नाही, पुढच्या बाईच्या टाचा दिसतात. तिचा चेहरा मी फार नंतर ओळखायला लागले.'"

"मग? खोटं आहे?"

"खोटं नाही हो. फार चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणून माझं नाही?"

"तसं नाही. पण तुमची लेक बीए आहे ना?"

"बीए आहे. टोपली तिने एक दिवस उचललेली नाही, मी उचलू दिली नाही. तिला टाचा कुठून दिसणार?"

सर हसले, बाईंकडे बघितलं आणि खणातून एक कागद काढला. "आमचा विश्वास आहे, मावशी. पण वाचक शंका घेतात. म्हणून लेखाखाली छोटीशी टीप टाकू." टीप तयारच होती. म्हणजे मला विचारण्याआधीच टाइप झालेली. "सदर लेखिकेचे शिक्षण अल्प असून त्या मासळीविक्रीचा व्यवसाय करतात. तथापि प्रस्तुत लेखन त्यांचे स्वतःचेच असल्याची संपादक मंडळाने खात्री करून घेतली आहे. वाचकांनी नोंद घ्यावी."

"डॉक्टरसाहेबांचाही लेख आहे ना यात? त्याच्याखाली टीप आहे?"

"डॉक्टरांच्या बाबतीत प्रश्नच येत नाही."

"तुम्ही त्या रविवारी काय बोललात, आठवतं का?"

"तो संदर्भ वेगळा. तिथे गुलामगिरी होती."

मला राग पायापासून चढतो. पण बाजारात इतकी वर्षं काढल्यावर एवढं शिकले की राग आला तरी आधी सौदा करून बघायचा. मी म्हटलं, वाचकांनी नोंद घ्यावी, हे काढा. सर म्हणाले, बरं. मी म्हटलं, शिक्षण अल्प, तेही काढा. सर म्हणाले, तेही बघू. मी म्हटलं, मग मधली ओळ एकटी काय करणार, तिलाही सोबत पाठवा. त्यावर सर अडले. "खात्रीची ओळ राहू द्या. ती तुमच्याच भल्याची आहे."

मी वही उचलली आणि उठले. हे आमच्या धंद्यातलं शेवटचं हत्यार. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं की विकणारी तीन-चार पावलं जाऊ देते आणि हाक मारते, या हो, घेऊन जा. मीही हजार वेळा अशी हाक मारली आहे आणि हजार वेळा ऐकली आहे. हॉलच्या दारापर्यंत मी हळू गेले. चपला घालायला उगाच वेळ लावला, एक पट्टा दोनदा सारखा केला. आतून पंख्याचा आवाज येत होता. मग सरांचा आला.

"बाई, पुढचा लेख घ्या."

हाक आलीच नाही. बाजारात न वाढलेल्या माणसांशी बाजाराच्या चालीने वागायचं नसतं, हे मला त्या चपलांपाशी उभी असताना कळलं. ज्यांच्याकडे माल स्वतःहून चालत येतो, ते कशाला हाक मारतील?

घरी येऊन मी लेकीवर ओरडले, कारण ती समोर होती. ती वापीला नोकरीला जाते, संध्याकाळच्या गाडीने परतते. ती म्हणाली, "आई, छापू द्यायच्या होत्या ना. तीन ओळी कोण वाचतं?"

"मी वाचते."

"मग तुझ्या त्या कवयित्रीने तर अख्खं पत्र छापू दिलं."

हे मात्र लागलं. मी तिला म्हटलं, त्या बाईबद्दल जे मिळेल ते काढ. तिने फोनवर शोधलं, काही पानं ऑफिसात छापून आणली आणि चार-पाच दिवस जेवणानंतर मला मराठीत सांगितलं. सरांनी पाऊण तासात जे सांगितलं नाही ते असं. त्या सगळ्या बड्या लोकांनी एकत्र बसून तिची परीक्षा घेतली की एकेकट्याने सही केली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सह्या मात्र आहेत. पुस्तक निघाल्यावर तिला गुलामीतून सोडलं. लग्न झालं, मुलं झाली, तीही लहानपणीच गेली. दुसरं पुस्तक तिने लिहून तयार ठेवलं होतं, ते छापायला कोणी पुढे आलं नाही. सह्या करणाऱ्यांपैकीही कोणी नाही. तरुण वयात, दुसऱ्यांच्या घरची कामं करत ती मेली आणि त्या दुसऱ्या पुस्तकाचे कागद गेले ते गेलेच.

तिच्या कविताही लेकीने सांगितल्या. त्यात देवाचे आभार, मालकांच्या धर्माची स्तुती. मी भडकले. "ज्यांनी दात मोजून विकत घेतलं त्यांचेच गोडवे? ही कसली पहिली कवयित्री?"

"तिच्यानंतरच्या पुष्कळ काळ्या कवींनीही हेच म्हटलंय," लेक म्हणाली. "काहींनी तिला खूप नावं ठेवली. आणि काही म्हणाले, ती नसती तर आम्ही नसतो."

मी दुसऱ्या दिवशी बोंबील टांगता टांगता यावर विचार केला. तिच्याकडे विकायला काय होतं? कविता. घेणारे कोण होते? तेच, मालकाच्या पंगतीला बसणारे. दुसरा बाजार नव्हता. उठून जायला दार नव्हतं, कारण ती स्वतःच त्या घराची वस्तू होती. अशा ठिकाणी तिने जेवढं निघेल तेवढं काढून घेतलं आणि गोडवे गाता गाता मध्येच एखादी ओळ अशी ठेवून दिली की आमच्यासारखी माणसंही देवाला चालतात, हे ध्यानात ठेवा. मला सौदा कळतो. तो वाईट सौदा होता आणि तिने तो फार हुशारीने केला होता. माझी तिच्याशी बरोबरी नाही, मला कोणी विकलेलं नाही. पण म्हणूनच मला ती टीप नको होती. तिला जे नाइलाजाने घ्यावं लागलं ते मी टेम्पो दारात उभा असताना का घेऊ?

आणि मग सर बाजारात आले.

सकाळची वेळ, मी नुकती टोपल्या उघडून बसले होते, अजून भवानी व्हायची होती. दिवसाची पहिली विक्री होत नाही तोवर आलेल्याला आम्ही रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, भाव पाडून देऊ पण देऊ. सर नाकाला रुमाल लावून समोर उभे. त्यांच्या घरात मासळी शिजत नाही.

"मावशी, तो लेख द्या बुवा. प्रकाशनाला जिल्ह्याचे साहेब येताहेत, त्यांनी विचारलं, किनारपट्टीच्या बायकांचं यात काही आहे का?"

म्हणजे हाक आली होती. उशिरा, आणि माझ्यासाठी नव्हे, साहेबांसाठी.

"आधी भवानी करा, सर."

"अहो, मी खात नाही."

"खाऊ नका. पहिल्या माणसाला मोकळं पाठवलं तर माझा दिवस जाईल. बोंबील देऊ की जवळा?"

माझ्या शेजारी बसणारी, जिची जीभ माझ्याहून लांब आहे, ती म्हणाली, "घ्या हो सर! मांजराला घाला, पुण्य लागेल. नाहीतर बाईसाहेबांना द्या, गुपचूप खातील."

सरांनी पाव किलो बोंबील घेतले. पिशवी अंगापासून हातभर लांब धरून उभे राहिले. भवानी झाली. आता मी नाही म्हणायला मोकळी होते, आणि तसं मी सांगितलंही. लेख मिळेल, टीप नाही. एक शब्द बदलायचा नाही. सरांनी इकडेतिकडे बघितलं. पाव किलो बोंबील हातात घेऊन माणूस फार वेळ घासाघीस करू शकत नाही.

"बरं. टीप काढली."

"लिहून द्या."

"मावशी, माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे हो. पण वाचक शंका घेतात."

शेजारीण इतकी हसली की तिचा तराजू कलंडला. मी पिशवीतून वही काढली, सरांनी तिच्या मागच्या पानावर लिहून दिलं, लेखाखाली कोणतीही टीप छापणार नाही, आणि खाली सही केली. मी ते पान फाडून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि वही त्यांना दिली. जिंकले असं वाटलं. त्या दिवशी मी सगळ्यांना माप सैल दिलं.

प्रकाशनाच्या दिवशी हॉल भरला होता. साहेब मधल्या खुर्चीत. मी पुस्तक हातात आल्याबरोबर माझं पान काढून बघितलं. लेख जसाच्या तसा. टाचा होत्या. खाली टीप नव्हती. लेक बाजूला बसली होती, तिने माझा हात दाबला.

मग सर माइकवर आले. एकेका लेखकाचं नाव घेत होते. डॉक्टरांचं नाव, टाळ्या. वकिलांचं नाव, टाळ्या. माझ्यापाशी आले आणि थांबले. "आणि आता एक आश्चर्य! आमच्या मासळीवाल्या मावशी. शिक्षण फक्त सातवी! खरं सांगतो, माझाही विश्वास बसेना. पण मी स्वतः समोर बसून खात्री करून घेतली आहे. हे लेखन त्यांचंच आहे!"

प्रचंड टाळ्या. डॉक्टरांना मिळाल्या त्याच्या दुप्पट. साहेब मान वळवून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्या टाळ्या माझ्या लेखाला नव्हत्या, तो कोणी अजून वाचलाच नव्हता. त्या सरांच्या खात्रीला होत्या.

माझी चूक मला तेव्हा दिसली. मी कागदाचा सौदा केला होता, तोंडाचा करायचा राहिला. छापणार नाही असं लिहून घेतलं, बोलणार नाही असं कुठे घेतलं? इतकी वर्षं धंदा करून ही चूक. सरांच्या सहीचं ते पान मी त्या दिवशीही ब्लाउजमध्ये घालून आले होते, ते मला टोचायला लागलं.

मी उभी राहिले. लेक पदर ओढत होती, "आई, बस. आई!"

"सर, एक विचारू?"

"विचारा की, मावशी." माइकवरून, हसत.

"तुमचाही लेख आहे यात, त्या कवयित्रीवरचा. तो तुम्ही स्वतः लिहिलाय ना?"

हॉलमध्ये हशा झाला. सरही हसले. मी हसले नाही, तशीच उभी राहिले, उत्तराची वाट बघत. हशा थांबला. आता त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"अर्थात. अर्थात मीच लिहिलाय."

मी अजून उभीच होते.

"म्हणजे, मी तीस वर्षं शिकवलंय. घरी माझी टिपणं आहेत. सगळी माझ्या अक्षरात. बाईंनी बघितली आहेत. बाई, तुम्ही बघितली आहेत ना?" बाईंनी चटकन मान हलवली. "हे बघा. आणि कच्चा मसुदाही दाखवू शकतो मी, कोणाला..." तिथे ते थांबले. खिशातल्या पेनाला हात लावला आणि काढला. आपण काय करतोय हे त्यांना कळलं असावं. चांगला सुशिक्षित माणूस, भरल्या हॉलमध्ये, आपल्या टिपणांना आणि वाचनालयाच्या बाईंना साक्षीला बोलावत होता. मला शंका नव्हतीच. लेख त्यांचाच असणार, इतका कोरडा लेख दुसरं कोण लिहील? मला फक्त तो प्रश्न अंगाला कसा लागतो ते त्यांना बघायला द्यायचं होतं.

"पुरावा नको सर," मी म्हटलं. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. चालू द्या."

आणि बसले.

साहेब घड्याळ बघायला लागले. पुढची नावं सरांनी भराभर वाचली, कोणाचंच शिक्षण सांगितलं नाही. चहाला माझ्याजवळ कोणी आलं नाही. घरी जाताना लेक अर्ध्या रस्त्यापर्यंत पुढे पुढे चालत होती. मग म्हणाली, "एवढं करायची गरज होती का?" मी म्हटलं, होती. ती म्हणाली, "आता तुला कधी बोलावणार नाहीत." मी म्हटलं, नाहीच बोलावणार.

नाहीच बोलावलं. व्याख्यानांची पत्रकं मला येत नाहीत, पुढच्या स्मरणिकेचं काम सुरू झाल्याचं मला शेजारणीकडून कळलं. सर बाजारात आले तर भाजीच्या बाजूने वळसा घालून जातात. मला त्याचं दुःख आहे असं कोणी समजू नये. आणि नाही असंही मी लिहून देणार नाही. पुस्तक वाचनालयाच्या कपाटात आहे, कोणीही मागून बघावं. माझा लेख दीड पानाचा आहे. दुसऱ्या पानावर तो अर्ध्यात संपतो आणि त्याच्याखाली पान कोरं आहे.